नमुना क्रमांक बारा

"खिशात काय दगड घेऊन फिरता की काय?" सुकेशनीबाईंनी इस्त्री उभी करून ठेवली आणि नवऱ्याचा आकाशी शर्ट खिडकीच्या उजेडात धरला. "हा चौथा शर्ट. सगळ्यांचा डावा खिसाच कसा लोंबायलाय?"

"खडूचा डबा असतो त्यात," सिद्धोधन सर वर्तमानपत्राआडून म्हणाले.

"डबा? फळ्याला लागतात दोन खडू!"

सरांनी वर्तमानपत्र जरा उंच केलं. सव्वीस वर्षांच्या संसारात ते बायकोशी कधीच खोटं बोलले नव्हते असं नाही, पण इतकं वाईट खोटं पहिलंच होतं. कारण खिशात खरोखर दगडच असायचा.

लिंबाएवढा, गोल, घासून गुळगुळीत केलेला गुलाबी स्फटिक. भडक गुलाबी नाही. दुधात गुलकंदाचं बोट बुडवून काढावं इतपतच. उजेडाकडे धरला की आत धुकं दिसायचं आणि मुठीत धरला की गार लागायचा. विकणारे त्याला रोज क्वार्ट्झ म्हणतात. हृदय शांत करतो, झोप आणतो, मनावरचं ओझं उतरवतो, अशी त्याची ख्याती. यात बिघडलं काय, असं कुणी विचारेल. बिघडलं हे की सिद्धोधन खिल्लारे हे पाथरीच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते आणि दर पंधरा दिवसांनी रविवारी विवेक मंडळातर्फे गावोगाव जाऊन लोकांना सांगत होते की गंडे, दोरे, अंगठ्या आणि खडे यांनी काहीही होत नाही.

हे कसं घडलं ते सांगायला हवं. जूनमध्ये मुख्याध्यापक निवृत्त झाले आणि प्रभारी म्हणून खुर्ची सरांकडे आली. खुर्चीबरोबर पोर्टल आलं. मुलांची माहिती पोर्टलवर भरायची, शिक्षकांची भरायची, शौचालयाच्या दारांची भरायची, आणि भरून झाली की पोर्टल सगळं विसरून पहिल्यापासून विचारायचं. सरांची झोप गेली. छातीत धडधड सुरू झाली. परभणीच्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढून सांगितलं, "सर, काही नाही. टेन्शन घेऊ नका." ते कसं घ्यायचं नसतं हे मात्र सांगितलं नाही. बायकोला काळजी नको म्हणून सर घरी यातलं काही बोलले नाहीत. डोळे मिटून पडून राहायचे आणि ती त्यांना झोपलेलं समजायची.

मग एकदा मोबाइलवर एक बाई दिसल्या. हळू आवाजात त्या गुलाबी स्फटिकाबद्दल बोलत होत्या. सरांनी तो व्हिडिओ खंडन करण्यासाठी पाहिला. दुसराही खंडनासाठीच पाहिला. तिसऱ्यानंतर, प्रत्यक्ष वस्तू हातात असल्याशिवाय खंडन पक्कं होत नाही, असं वाटून त्यांनी ती मागवली. शाळेच्या पत्त्यावर. पहिल्या दिवशी ती उशीखाली ठेवली आणि सर सकाळी सातपर्यंत झोपले.

तेव्हापासून सरांच्या मनात वाद चालू होता. हे सिलिकॉन डायऑक्साइड आहे, ते स्वतःला बजावत. गोदावरीच्या पात्रातली वाळू आणि हा दगड, द्रव्य एकच. हे अगदी बरोबर होतं. पण वाळूची पुडी खिशात ठेवून पाहिली तर झोप येत नव्हती. हो, सरांनी तेही करून पाहिलं होतं.

त्या रविवारी कार्यक्रम पेडगावला होता. सरांपुढे अडचण उभी राहिली. कार्यक्रमात सारखं वाकावं लागायचं, कापूर पेटवायला, नारळ उचलायला. मागच्या आठवड्यात शाळेत खडू उचलायला वाकले तर दगड खिशातून बाहेर डोकावून गेला होता. विजारीच्या खिशात ठेवला तर बसता येत नव्हतं. घरी ठेवावा, तर शंभर माणसांपुढे छाती धडधडायला लागली म्हणजे? व्हिडिओतल्या बाईंनी सांगितलं होतं की स्फटिक तीन हातांच्या आत असला तरी चालतो. सरांनी अंतराचा अंदाज घेतला आणि दगड मंडळाच्या पेटीत टाकला. पेटी टेबलावर असते, टेबल समोर असतं. शिवाय ती पेटी घरात कुणी उघडत नव्हतं.

या पेटीबद्दलही सांगायला हवं. पत्र्याची, हिरव्या रंगाची. तिच्यात लोकांनी सोडून दिलेल्या वस्तू होत्या, एकूण अकरा. नाल, दोरे, खड्याच्या अंगठ्या, एक पितळी ताईत. प्रत्येकीला चिठ्ठी जोडलेली. क्रमांक, वस्तू, मालकाचं नाव, गाव, कशासाठी वापरली, आणि शेवटी एक शब्द: स्वखुशीने. हा नियम सरांचाच. "नाव नसेल तर ती ऐकीव गोष्ट," ते म्हणत. "नाव असेल तर पुरावा." दर कार्यक्रमात चिठ्ठ्या मोठ्यानं वाचल्या जात, आणि ज्यांची नावं वाचली जात त्यांना कसं वाटत असेल हा प्रश्न सरांना कधी पडला नव्हता.

पेडगावचं समाजमंदिर अकरालाच भरलं. सुकेशनीबाईंनी महिला मंडळासह गीत म्हटलं आणि पुढच्या रांगेत बसल्या. त्यांच्याच शेजारी, भिंतीला टेकून, सगुणाबाई वाव्हळे पाय लांब करून बसल्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या. सरांनी त्यांना ओळखलं. पेटीतला चार नंबरचा ताईत त्यांचाच. दोन वर्षांपूर्वी इथेच सरांनी कात्रीनं तो कापला होता, आणि तो फोटो परभणीच्या पेपरात आला होता.

नारळ पेटला, लिंबातून रक्त निघालं, लोक हसले, टाळ्या झाल्या. मग मंडळाचे चिटणीस धम्मानंद पेटीकडे वळले. हे तहसीलमधले कारकून. त्यांनी एकेक नमुना काढून टेबलावर ओळीनं मांडायला सुरुवात केली आणि अकराव्यानंतर थांबले.

"सर, यात अजून एक हाय. चिठ्ठी न्हाई याला."

त्यांनी तो हात उंच करून सगळ्यांना दाखवला. खिडकीतून ऊन येत होतं. दगड त्यात असा उजळला की पुढच्या रांगेतल्या बायका एकदम "अगं बया!" म्हणाल्या. सरांच्या तोंडचं पाणी पळालं.

"तो... नवीन आहे," सर म्हणाले. "गुलाबी स्फटिक. झोपेसाठी वापरतात."

"कुणी दिला?" धम्मानंदांनी खिशातून पेन काढलं.

"पाथरीच्या एका गृहस्थानं."

"शिकलेला हाय का?" मागून बन्सीधर पाटलांचा आवाज आला. तीस एकरांचे मालक, आणि कार्यक्रमात प्रश्न विचारायची जबाबदारी आपली आहे असं मानणारे.

"बऱ्यापैकी."

"करतो काय?"

इथे सर काहीही सांगू शकत होते. अडत दुकानदार, ड्रायव्हर, काहीही. पण खोटं बोलायची सवय नसलेला माणूस चुकीच्या वेळी खरं बोलतो.

"शिक्षक आहे," सर म्हणाले.

समाजमंदिर हशानं दणाणलं. "आता मास्तरच दगड घेऊन झोपायला लागल्यावर आमच्या लेकरायनी काय करावं?" बन्सीधर म्हणाले, आणि पुन्हा हशा झाला. सरही हसले, कारण सगळे हसत असताना एकट्यानं गंभीर राहणं संशयास्पद दिसलं असतं. मग पुढच्या रांगेतून सुकेशनीबाईंचा स्वच्छ आवाज आला.

"असल्या मास्तराला लाज वाटायला पाहिजे!"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. सरांनीही दोन वाजवल्या. स्वतःच्या नावाने, बायकोच्या शब्दाला, स्वतःच्या हातांनी. त्यांचे कान तापले, आणि वाटलं की ही जमीन पेडगावची काळी आहे, जरा भेगा पडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"नाव सांगा की," बन्सीधर सोडायला तयार नव्हते. "बाकीच्यांचे नावं वाचता. मास्तराचं का लपवायलाव?"

"त्यांची परवानगी घ्यायची राहिलीय."

"बरं. मंग फोडून तरी दावा! खोटा हाय न्? फोडा!"

"फोडा, फोडा!" पोरंसोरं ओरडली. कुणीतरी धावत जाऊन हातोडी आणली.

सरांनी हातोडी उचलली. दगड टेबलावर होता, गुलाबी, शांत, दोन महिन्यांच्या झोपेचा धनी. बरोबर मध्यावर घाव बसला असता तर त्याचे दोन तुकडे झाले असते, हे विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला पक्कं माहीत होतं. म्हणून सरांनी घाव मध्यावर घातला नाही. तो कडेला निसटता बसला. दगड टेबलावरून उडाला, पाण्याच्या जारवर टण्णकन आपटला आणि बायकांच्या घोळक्यात गडगडत गेला. बन्सीधरांच्या बायकोनं, सुमनबाईंनी, तो पदरात धरून आणून दिला.

"याला तर काय बी झालं न्हाई!" त्या म्हणाल्या. "जारला पोचा आला बगा."

"दगडात दम हाय!" मागून कुणीतरी म्हणालं.

"दम बिम काही नाही!" सर घाईनं म्हणाले. "कठीण आहे, इतकंच. आणि चमक दिसते ना, तिच्यामागंही विज्ञान आहे. दारं लावा, दाखवतो."

दारं लागली, अंधार झाला. सरांनी मोबाइलची बॅटरी लावून दगड तिच्यावर धरला. आत नजरेला न दिसणारे बारीक तंतू असतात, ते तीन दिशांना पसरलेले असतात, उजेड त्यांच्यावर पसरतो, म्हणून वर चांदणी दिसते, असं त्यांना सांगायचं होतं. पण सांगायच्या आधीच चांदणी दिसली. सहा किरणांची, गुलाबी गोळ्याच्या माथ्यावर, आणि सरांनी दगड जरा फिरवला की चालणारी.

मग अंधारात बांगड्या वाजल्या. सुमनबाईंनी हात जोडले होते.

"हात जोडू नका! तंतू आहेत ते!" सर म्हणाले, पण त्यांच्या आवाजात पुरेसा जोर नव्हता, कारण चांदणी त्यांनाही फार आवडायची. घरी सगळे झोपल्यावर त्यांनी ती कितीदा पाहिली होती.

दारं उघडली तेव्हा कार्यक्रम हातचा गेला होता. "कुठं भेटतो हा?" "मोबाइलवर मागवता येतोय का?" "लिंक टाका की गुरुजी!" आणि आत्ता फोडा फोडा म्हणणारे बन्सीधर टेबलापाशी येऊन, जरा आवाज उतरवून म्हणाले, "सर, आमच्या घरच्यांना चार महिने झाले, झोप न्हाई. लय हैराण हाय. दोन दिस द्या की. वापस करतो."

"पाटील, यानं झोप येत नसते!"

"तुमाला काय म्हाईत? वापरून बघितलाव का?"

सरांकडे उत्तर होतं, ते देता येत नव्हतं. आजपर्यंत आपण इतक्या गावांत इतकी भाषणं दिली आणि या एका साध्या प्रश्नाला घाबरलो, याची त्यांना भयंकर लाज वाटली. त्यांनी दगड उचलला, रुमालानं पुसला आणि लोकांच्या नजरेआड करायचा म्हणून, काही विचार न करता, दोन महिन्यांच्या सवयीनं डाव्या खिशात टाकला.

दगड खिशात गेला आणि तिथल्या लोंबलेल्या पिशवीत असा नेमका बसला की शर्टाला एक सुरकुती पडली नाही.

भिंतीला टेकलेल्या सगुणाबाईंनी ते पाहिलं. त्या गुडघ्यावर हात देऊन हळूहळू उठल्या, टेबलापाशी आल्या आणि फक्त सरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "गुरुजी, बसला की बराबर जागेवर."

सरांनी मान वर केली तर सगुणाबाईंच्या मागे सुकेशनीबाई दिसल्या. त्याही खिशाकडेच पाहत होत्या. चार शर्ट त्यांच्या डोळ्यांपुढून जात होते, हे सरांना इथून दिसत होतं.

सगुणाबाईंनी आवाज चढवला नाही. त्या धम्मानंदांकडे वळल्या. "दादा, माझी चिठ्ठी वाचा बरं. चार नंबर."

धम्मानंदांना वाचायला सांगितलं की ते वाचत. "नमुना क्रमांक चार. पितळी ताईत. सगुणाबाई सिताराम वाव्हळे, पेडगाव. गुडघेदुखीसाठी. स्वखुशीने."

"गुडघा तवाबी दुखत व्हता, आताबी दुखायलाय," सगुणाबाई म्हणाल्या. "ताइतानं गुडघा दुखायचा राहत न्हाई हे मलाबी कळतंय. मी काय येडी न्हाई. पर ती गाठ आमच्या मालकाच्या हातची व्हती. जायच्या आदल्या साली बांधलीती. तुमी कातर लावली, गुरुजी. समद्यांनी टाळ्या वाजिवल्या. मंग मी काय बोलू? म्याबी वाजिवल्या."

सरांना तो दिवस आठवला. कात्री लावताना या बाईंनी दंड थोडा मागे घेतला होता. दोन बोटांइतकाच. तेव्हा सरांनी तो अंधश्रद्धेचा शेवटचा प्रतिकार समजला होता, आणि पुढच्या गावातल्या भाषणात तसं सांगितलंही होतं. लोक हसले होते. तोंड लपवावं असं सरांना आयुष्यात आधी कधी वाटलं नव्हतं.

सगुणाबाईंना आणखी एक वाक्य बोलता आलं असतं. सरांच्या खिशाकडे बोट केलं असतं तरी पुरलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. टेबलावरची कोरी चिठ्ठी उचलली आणि सरांपुढे ठेवली.

"त्या दगडाचीबी चिठ्ठी राह्यलीय न्?" त्या म्हणाल्या. "लिव्हा की. न्हाई तर ऐकीव गोष्ट व्हतीय म्हणं."

सरांनी खिशातून दगड काढून टेबलावर ठेवला. धम्मानंदांकडून पेन घेतलं. लिहिताना छाती इतकी धडधडत होती की अक्षर वाकडं आलं. मग नियमाप्रमाणे त्यांनी ती चिठ्ठी स्वतःच मोठ्यानं वाचली.

"नमुना क्रमांक बारा. गुलाबी स्फटिक. सिद्धोधन खिल्लारे, पाथरी. झोप येत नाही म्हणून."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. बन्सीधरांनी घसा खाकरला आणि टोपी काढून पुन्हा घातली. धम्मानंदांना काय करावं कळेना, म्हणून त्यांनी नारळाची करवंटी उचलून दुसरीकडे ठेवली. सुकेशनीबाई खाली मान घालून चटईची काडी ओढत बसल्या.

"सपलं?" सगुणाबाईंनी विचारलं. "सोखुशीनं न्हाई लिव्हलं?"

सरांनी चिठ्ठीकडे पाहिलं. तो शब्द त्यांनी अकरा वेळा लिहिला होता, पण आज हात चालेना.

"नाही, मावशी," ते म्हणाले. "खोटं होईल."

मग त्यांनी चार नंबरची चिठ्ठी ओढली, तिथला शेवटचा शब्द खोडला, ताईत उचलून दोन्ही हातांनी सगुणाबाईंपुढे धरला आणि म्हणाले, "चुकलं माझं." एवढं बोलायला त्यांना अख्खं भाषण करण्यापेक्षा जास्त दम लागला.

दोरा कापला होता तिथे कापलेलाच होता, पण गाठ शाबूत होती. सगुणाबाईंनी ती अंगठ्यानं चाचपून पाहिली आणि ताईत चंचीत, पानसुपारीशेजारी ठेवला. दंडाला बांधला नाही. "लई दिस झाले, न झोपता?" त्यांनी विचारलं.

"जूनपासून."

"घरी बोललाव का?"

सरांनी धम्मानंदांचं पेन त्यांना परत दिलं. सगुणाबाईंनी एकदा सुकेशनीबाईंकडे पाहिलं आणि गुडघा धरत जाऊन भिंतीला टेकल्या.

परतीच्या जीपमध्ये पेटी धम्मानंदांच्या मांडीवर होती. मानवत गाव मागे पडलं. सरांचा हात तीनदा डाव्या खिशाकडे गेला आणि तीनदा रिकामा परत आला. तिसऱ्यांदा सुकेशनीबाईंनी तो धरून आपल्या मांडीवर ठेवला, पण तोंड खिडकीकडेच ठेवलं.

"असल्या मास्तराला लाज वाटायला पाहिजे, असं बोलले ना मी?" बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या.

"बोललीस."

"दगडाबद्दल बोलले होते. आता वेगळ्याबद्दल बोलतेय. बाजूला झोपणाऱ्या माणसाला सांगायचं सोडून व्हिडिओतल्या बाईचं ऐकायला जायचं?"

"लाज वाटली," सर म्हणाले.

"उद्यापासून ते पोर्टल माझ्यापुढं उघडा. बघते काय म्हणतंय ते."

पुढच्या सीटवर धम्मानंद मघापासून चुळबुळ करत होते. त्यांनी मंडळाची नमुन्यांची वही काढली होती. "सर, एक अडचण हाय. चार नंबर रिकामा झाला. बारा नंबर चारवर घेऊ का?"

"नको. चार रिकामाच राहू द्या."

"मग पुढं 'परत केला' असं लिहितो." धम्मानंदांनी लिहिलं आणि पेन पुन्हा थांबलं. "'परत केला'च्या पुढचा, शेवटचा रकाना राहायलाय, सर. तो रिकामा ठेवता येत न्हाई. काय लिहू?"

सरांनी बायकोकडे पाहिलं.

"लिहा," सुकेशनीबाई म्हणाल्या, "स्वखुशीने."

धम्मानंदांनी पेटीवर वही ठेवली आणि जीपचे धक्के सांभाळत तेवढा शब्द लिहून घेतला.